ऊट आयता

सांगलीच्या यार्डात शेवटचा टेम्पो गेला,
मग पेढीवरच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसलो.
कीबोर्डाच्या फटींत हळद.
हे बसवायचं तर आधी ते हवं,
त्याला आणखी तिसरंच,
तलाठ्याकडच्या दाखल्यासारखं.

पावणेबाराला एकदाचं उभं राहिलं:
कानडीतून मराठी.

वॉचमन सिद्रामप्पाला म्हटलं, बोल काहीतरी.
“ऊट आयता?”

पडद्यावर: *ऊट झालं?

शब्द कळला नाही की मशीन
त्याच्या कपाळाला चांदणी लावून पुढं जातं.
मीही विचारलं, उंट?

“जेवला काय म्हन्तोय, सायेब.”

दुपारपासून नव्हतो जेवलो.
त्यानं फडकं सोडलं: कडक भाकरी, शेंगाचटणी.

डाव्या हातानं कोशाची फाइल उघडली.
ऊट, जेवण.
पुन्हा बांधायला लावलं सगळं.

चांदणी गेली तेव्हा
सिद्रामप्पा गेटावर होता,
चटणी माझ्याकडेच.