उतार

शेफील्डमधली आमची गल्ली इतकी चढाची
की पोस्टमन वरून खाली येतो,
खालून वर कधीच जात नाही.
तेवीस घरं. वरून तिसरं आमचं.

दिवाळीच्या आदल्या रात्री मी चकल्या तळल्या.
अकरा वाजले होते, सकाळी सातची ड्युटी.
कढईत तळाशी काळं तेल.
बरण्या घरात ढीगभर,
कुठल्याच झाकणाला आपली बरणी सापडेना.
मग गरम पाणी सोडलं,
वर साबणाचे चार थेंब,
आणि तेल गेलं.
कुठं गेलं, हे विचारायचा रिवाज नाही.
गेलं म्हणजे गेलं.

मी हॉस्पिटलात औषधं मोजतो.
मिलिग्रॅमची चूक होऊ देत नाही.

भिंतीपलीकडे ग्रॅहम बेकनची चरबी ओतायचा.
त्याच्यावरची काइरा, तान्ह्या बाळाची आई,
ओले पुसणे कमोडात टाकायची,
पाकिटावर ‘चालतं’ असं छापलेलं होतं.
एलरी मास्तरांनी चाळीस वर्षं भूगोल शिकवला,
नदी गाळ कुठं टाकते ते फळ्यावर काढून दाखवलं,
ते मांजराची वाळू.
पाच विद्यार्थी काय टाकायचे
ते त्यांनाही ठाऊक नसावं.

सगळ्यात खाली, तेवीस नंबरला, मॉरीन ग्रेटोरेक्स.
वय एक्याऐंशी.
ती तव्यावरची चरबी डब्यात गोठवायची,
त्यात दाणे मिसळून
खिडकीबाहेरच्या आकड्याला टांगायची,
पाखरांसाठी.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी
तिच्या तळघरातली मोरी उलटी वाहू लागली.
नवरा ब्रास बँडमध्ये वाजवायचा,
त्याच्या सुरावटींचे कागद खालच्या कपाटात होते.
गुडघाभर पाण्यात उभी राहून
ती ते एकेक उचलत होती,
कपडे वाळत घालावेत तसे
जिन्याच्या कठड्यावर टाकत होती.
आम्ही वास आला म्हणून बाहेर आलो.

पाणी कंपनीचा डेझमंड आला, फुटपाथ फोडला,
दुपारपर्यंत एक गोळा वर काढला,
मेणकट, करडा, सोललेल्या मेंढीएवढा.
गल्ली हाताची घडी घालून भोवती उभी.
काय हे, लोकांना काही कळतं की नाही, म्हणालो.
कुणीतरी टाकलं असणार, म्हणालो.
आमच्या गल्लीत चोविसावं घर आहे,
तिथं हा कुणीतरी राहतो.

डेझमंडनं फावड्यानं गोळा चिरला.
आत केस, कापूस, वाळू,
आणि मधोमध, दगडात जीवाश्म बसावा तसे,
तीळ.

एक तीळ सात जणांत वाटून खावा म्हणतात.
हे तेवीस जणांत वाटले गेले होते.
एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही,
त्या दिवशी भिजला.

मला वाटायचं, अक्कल नसली की माणूस मूर्ख होतो.
पण इथं प्रत्येकाकडे होती,
मास्तरांकडे तर पेन्शनसकट.
फक्त ती रात्री अकरानंतर
उताराच्या दिशेनं बघत नाही.
आणि मिळालं काय कुणाला?
झाकण शोधायची दोन मिनिटं.
ती दोन मिनिटं मी कुठं खर्चली
आठवत नाही.

रस्ता नऊ दिवस बंद होता.
काइरा बाळाची गाडी उचलून चढ चढायची.
बिल सगळ्यांना सारखं आलं,
मॉरीनलाही.
ती भाचीकडे रॉदरहॅमला गेली, आठवड्यासाठी,
मग घरावर ‘विकणे आहे’ची पाटी लागली.
कागद वाळले की नाही, विचारायचं राहून गेलं.
आकडा अजून आहे.
पाखरं येतात, त्याच्यावर बसतात,
खिडकीत डोकावतात.

आता आमच्या ओट्यावर एक बरणी असते, झाकणासकट.

काल रात्री अकराला
भिंतीतल्या नळीतून काहीतरी घरंगळत खाली गेलं.
मी कान लावला.
आपलं नाही, म्हणालो,
आणि दिवा मालवला.