दानुतेची शिफारस

बीर्झायच्या पलीकडे, जवसाच्या निळ्या फुलांमागे
दानुते बिअर गाळते.
मोड आलेल्या सातूच्या भाकरी
भट्टीत करपेस्तोवर ठेवायच्या,
मग पाण्यात कुस्करायच्या. आईची रीत.

मातीच्या मगातून पहिला घोट :
खरवड, मध,
आणि मागाहून जिभेच्या कडेला
रास्पबेरीच्या काटक्यांचा तुरटपणा.

"हीच सगळ्यांत भारी," मी म्हणालो.
तिनं फडक्यानं नळ पुसला. पुन्हा पुसला.
"नाही. तीन कोसांवर झिग्मास आहे.
त्याची पिऊन बघ. आजच. उद्या चव उतरते."

कोण झिग्मास?
"नवरा होता. अकरा वर्षं."

निघताना एक बाटली दिली,
बुचाला दोरा घट्ट बांधून.
"त्याला दे.
कुणाची ते सांगू नकोस.
कळेलच मेल्याला."