खिडकी नंबर दोन

सर्वपित्री अमावास्या. रास्ता पेठेतलं प्रसूतिगृह,
ऑपरेशनं सगळी घटस्थापनेला ठरलेली;
उपाध्ये डॉक्टरीणबाई शब्दकोडं सोडवतायत.

मिराशींच्या सुनेला मात्र कळा आल्याच.
"अमावास्येचं जाऊ दे, काका,
निदान राहुकाळ चुकवा.
पाच मिनिटं पुढे लिहा."

मी पेन खाली ठेवतो.
गेल्या महिन्यात चाकणच्या जपानी साहेबाची बायको
चार नंबरची खाट नको म्हणून
तसल्या कळांत जिना चढून वर गेली.
कॅम्पातल्या परेराबाईंना तेरा तारखेचा शुक्रवार चालत नाही.
शमीमआपा तेरातेजीत सुनेला डिस्चार्ज घेऊ देईनात,
बिल वाढलं, तरी.

मला माझी तारीखच माहीत नाही.
आई म्हणायची, ज्वारी हुरड्यात होती, रात्र होती.
चंद्र होता का?
तिला कुठलं आठवायला.
मास्तरांनी लिहून टाकलं : एक जून.
वर्गात आम्ही सोळा जण एक जूनचे.
राहू आलाच असेल शोधत
तर हजेरी घेता घेता कंटाळला असेल.

आतून रडणं येतंय, खणखणीत.

मुलगी. दोन सत्तावन्न.
वजन तीन किलो शंभर.

मिराशी सही करतात,
वेळेच्या रकान्यावर अंगठा ठेवून.