सांधा शोधू दे त्यांना

लाकूड ओलंच घे, ओसियन.
परवा पाडलेल्या सिकमोरचं, टायवीच्या काठचं.
ह्या लाकडाला स्वतःची चव नाही,
म्हणून आमच्याकडे दुधाचे वाडगे ह्याचेच.
चव नसणं हाही गुण असतो,
पटेल तुला हळूहळू.

आधी वाटी कोर. देठ नंतर.
लोक उलट करतात,
आणि बारीक देठावर वाटी थरथरायला लागली
की छिन्नीला शिव्या घालतात.
खालचं जाड आहे तोवर वरचं पोकळ करून घे,
भिंत इतकी पातळ
की मागे दिवा धरला तर पिवळा झिरपावा.
मग वाटीत चिंध्या भर,
लेथचं मागचं टोक हलकेच टेकव त्यांना,
पोर झोपलंय अशा बेताने.

आता देठावर दोन मणी राख.
सगळं कातून टाकायचं, हे दोन सोडून.
कडी कुणी बाहेरून आणून घालत नाही रे,
ती इथेच असते, देठाच्याच अंगात,
तिच्या आजूबाजूचं तेवढं आपण काढतो.

ही वाकडी छिन्नी माझ्या वडिलांनी
लॉरीच्या तुटलेल्या पाट्यातून घडवली.
डावीकडून मण्याच्या पोटाखाली शीर,
मग उजवीकडून.
मधे काय चाललंय ते दिसणार नाही.
दोन टोकांनी बोगदा खणणारे
एकमेकांची पहार ऐकतात ना, तसं ऐक.
मघाशी आवाज भरीव होता,
आता पोकळ येतोय, अजून पोकळ,
हात दाबू नकोस,

सुटली.

बघ, देठ गरगरतोय
आणि कडी त्याच्यावर आळसटून लोंबकळतेय,
एक गिरकी घेते, तीन चुकवते.
क्षणापूर्वी दोघं एकच लाकूड होते.
चाळीस वर्षं झाली,
मला अजून ह्या ठिकाणी लेथ बंद करून
उगीच चहा प्यावासा वाटतो.

कडीच्या आतून घासायला बोट पोचत नाही.
देठालाच पॉलिश पेपर गुंडाळ, खरखरीत बाजू बाहेर,
आणि कडी त्यावर टेकवून धर.
ज्याच्यापासून तुटली
त्याच्याच अंगावर ती गुळगुळीत होते.
(हसू नकोस. तुझं लग्न ठरलंय,
मला ठाऊक आहे.)

सुकताना पेला थोडा लंबगोल होईल. होऊ दे.
कडीही होईल, पण तिच्या दिशेने.
झाड एक असलं तरी
सुकायची घाई ज्याची त्याची.

गेल्या हिवाळ्यात मेरेरिद आली होती,
खालच्या लोकरगिरणीजवळची.
पिशवीत पेला. माझाच, त्यांच्या लग्नातला.
दोनातली एक कडी तडकून पडलेली,
तुकडे तिने काड्यापेटीत ठेवलेले, कापसावर.
म्हणाली, बसवून दे.
मी म्हटलं, चिकटवून देतो,
पण मग सांधा येईल तिला.
ह्या कडीला आत यायला दार नसतं, बाई.
जायला एकच असतं, ते हे.

ती बराच वेळ पेला कलता करत बसली.
उरलेली कडी वर, खाली,
टक्,
वर, खाली,
टक्.
मग म्हणाली,
पूर्वी ही एवढी लांब जायची नाही.

पेला घेऊन गेली. काड्यापेटी नेली नाही.
ती तिथे आहे, खिळ्यांच्या डब्यामागे.
हात लावू नकोस.

चल, दुसरा मणी.
आधी छिन्नीला धार लाव,
भोथरं हत्यार कापत नाही, ओढतं.
आणि बाजारात कुणी विचारलं, ही आत गेली कशी,
तर लगेच सांगून टाकू नकोस.
पेला हातात दे.
नखाने सांधा शोधू दे त्यांना थोडा वेळ.

आणि ते बटण बंद कर आधी,
बोलता बोलता लेथ नुसताच फिरतोय.