भासरा

सिव्हिल लाइन्समध्ये हायकोर्टाच्या मागच्या खोलीत
कूलरचा वाळा मे महिन्यातच कुजायला लागतो.
मी तिथे अपिलाच्या पेपरबुकासाठी
माणसांचं मराठी इंग्रजीत उतरवते.
दर पानामागे ठरलेला. रडण्याचा वेगळा नाही.

साक्षीदार नंबर तीन. शेवंता पौनीकर, वय एकतीस,
राहणार पाचपावली, हातमागाच्या कांड्या भरते.
मयत फाल्गुन तिचा भाऊ.
आरोपी तुळशीराम तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ.
म्हणजे नातलग. पण कुणाची?

खालच्या कोर्टानं लिहिलंय :
नात्यातली आहे म्हणून खोटी ठरत नाही.
ज्याचा माणूस गेला, तो खऱ्या मारेकऱ्याला सोडून
भलत्याचं नाव कशाला घेईल?
बचावाचे वकील म्हणतात :
ज्याचा माणूस गेला, तो एका नावावर थांबतो कधी?

नाहीच थांबली ती.
पोलिसांपुढे एक होता, कोर्टात तीन झाले.
दोघांच्या हातात तिनं नंतर काठ्या दिल्या.
ते सुटले.
"पोलिसांना मी सांगितलं होतं.
त्यांनी का लिहिलं नाही, सांगता येत नाही."
हे वाक्य मी आजवर चारशेदा टाइप केलं असेल.
माझ्या बोटांना ते पाठ आहे,
माझ्यापेक्षा बोटांचाच त्यावर जास्त अविश्वास.

उलटतपास, पान एकशे बारा.
लाईन गेली होती? — हो जी.
मग दिसलं कशात?
— भावाचा मोबाइल पडला होता खाली. त्याची बॅटरी सुरू होती.
म्हणजे उजेड जमिनीपुरता?
— जमिनीपुरता.
भासऱ्यासमोर पदर घेत होत्या?
— घेत होती.
तोंड कधी पाहिलं त्याचं?
— नाही पायलं.
अकरा वर्षांत?
— नाही जी.
मग ओळखलं कसं?
— पायावरून. अकरा वर्षं पायच पायले.

इथे माझा हात थांबला.
इंग्रजीत भासरा नाही.
दीर, भासरा, मेहुणा, साडू,
सगळे एकाच शब्दात दाटीवाटीनं बसवलेत,
आणि त्या शब्दासमोर कुणी मान खाली घालत नाही.
न्यायमूर्ती वाचतील : नात्यातला पुरुष. अंधार. पाय.
हसतीलही कदाचित.
मी तळटीप द्यायची परवानगी मागितली.
साहेब म्हणाले,
भाषांतरकारानं साक्ष देऊ नये, मॅडम.

दिली आहे मी. एकदाच.
अजनीच्या चौकात भावाच्या स्कूटरनं
एका म्हाताऱ्याला उडवलं. मागच्या सीटवर मी.
सिग्नल हिरवा होता, मी सांगितलं.
मी तेव्हा पर्समध्ये चष्मा शोधत होते.
म्हाताऱ्याच्या पिशवीतून
वालाचे दाणे डांबरावर दूरवर घरंगळत गेले,
ते मात्र पाहिलं होतं.
ते कुणी विचारलं नाही.

शेवंताच्या जबाबातही असं एक वाक्य आहे,
सरकार पक्षाच्या उपयोगाचं नाही, बचावाच्याही नाही :
नळ सुरूच होता, गुंड भरून वाहत होता,
कुणी बंद केला ते आठवत नाही.
रचून सांगणारा माणूस नळ बंद करून घेतो,
असं मला वाटतं.
वाटण्याला पान नंबर नसतो.
आणि त्या दोन काठ्या? त्याही तिच्याच हातच्या.

शेवटी नेहमीचं :
"हे म्हणणे खरे नाही की मी घटना पाहिली नाही."
दोन नकार एकमेकांना टेकून उभे.
उतरवले.
खाली शिक्का : भाषांतर खरे असे. सही.

हे म्हणणे खरे नाही की सिग्नल

वाळ्यावर पाणी मारायला हवं.