झाडू नसलेला खेळ

पहाटे पाच वाजता, फॉर्फरमध्ये,
मी पाठीला टाकी बांधते
आणि बर्फावर सडा घालते.
कोमट पाण्याचा. उलटं चालत.
शेण नाही, अंगणही माझं नाही,
पण मनगट तेच, झटका तोच.
थेंब पडल्या जागी गोठतो,
हाताला लागेल न लागेल असा फोड होऊन राहतो.
त्या फोडांवरून दगड चालतो.
गुळगुळीत बर्फावर अडतो.
हे मला म्हाताऱ्या रॉरीने शिकवलं
पहिल्याच आठवड्यात, ब्रायडी खाता खाता.
ब्रायडी म्हणजे खिम्याची करंजी, दुसरं काही नाही.

दहाला संघ येतो.
निळे कोट, पाठीवर देशाचं नाव,
खुर्च्यांच्या चाकांना पार्किंगचा चिखल.
आधी चाकं पुसतात, मग एकमेकांशी बोलतात.
ड्यूगल्ड छपरं शाकारायचा.
इशबेल पोस्टात होती, अजून आहे.
मोरॅग काय करायची ते सांगत नाही,
कुणी विचारतही नाही.
ॲलिस्टर एकोणीस वर्षांचा, कायम उपाशी.

उभ्यांच्या खेळात दगडापुढे दोघं धावतात,
झाडूने बर्फ घासतात,
चुकलेला दगड थोडा सावरून घेतात.
इथे झाडू नाही.
काठीच्या टोकाने सोडला
की सुटला.
मग वीस किलोचं ग्रॅनाइट, वीस-पंचवीस सेकंद,
आणि माना पुढे काढलेली माणसं
त्याला मनातल्या मनात ढकलत.

आणखी एक.
सोडणाऱ्याच्या खुर्चीमागे दुसरी खुर्ची लागते.
मागचा पुढच्याची चाकं धरून ठेवतो,
ढकलताना खुर्ची हलू नये म्हणून.
धरणाऱ्याला घर दिसत नाही
(घरच म्हणतात इथे, त्या रंगीत वर्तुळांना),
समोर नुसती एक पाठ, कोटाची शिवण.

शनिवारी नॉर्वेशी. आठवा डाव. सहा-सहा.
शेवटचा दगड आपला.
‘आपला’ हे मी कधीपासून म्हणायला लागले?
इशबेलने मागून चाकं धरली.
ड्यूगल्डने काठी टेकवली, श्वास सोडला,
मग दगड.
रेष बरोबर, वेग बरोबर.
निम्म्या वाटेवर तो थबकला,
कुणीतरी मागून हाक मारावी तसा,
जरा वळला,
आणि घराच्या उंबऱ्याशी बसून राहिला.
नॉर्वेवाले आधी गप्प, मग ओरडले.
ड्यूगल्डने हातमोजा काढून हात पुढे केला.
इशबेलने चाकं सोडली नव्हती.
बराच वेळ.

हॉल रिकामा झाल्यावर दगड कलता केला.
तळाच्या कडेला लोकरीचा धागा. पोपटी.
माझ्या बाहीचा.
स्वेटर डंडीच्या सेलमधला, तीन पौंडांचा.

धागा होता म्हणून दगड अडला,
की अडलेल्या दगडाला नंतर धागा लागला,
रात्रभर हे उलटंसुलटं करत पडले.
रॉरी म्हणाला, फेक आणि गप्प बस.

सकाळी ते व्हॅनमध्ये सामान चढवत होते.
मी ड्यूगल्डच्या तळहातावर धागा ठेवला
आणि सगळं सांगून टाकलं,
वाक्यं मागेपुढे झाली.
त्याने तो उजेडात धरला.
म्हणाला, छपरावरून पडलो
तेव्हा पायाखाली शेवाळ होतं की ओल,
सहा वर्षं शोधलं.
एवढंसं काही सापडलं असतं
तरी चाललं असतं.
मग म्हणाला, रंग बरा आहे.
मग ॲलिस्टरवर ओरडला,
माझी ब्रायडी कुणी खाल्ली म्हणून.
धागा परत दिला नाही.

सोमवारी पाच वाजता पुन्हा टाकी.
बाह्या कोपरापर्यंत वर, हात लालभडक.
थेंब टाकत, उलटं चालत.
मध्येच एकदा थांबले,
वाकले, नखाने उचलायला गेले,
तर दिव्याच्या उजेडाची रेघ होती.