वहीतला चौथा रकाना

वहीला चार रकाने.
खड्डा नंबर. झाडाचं नाव. कोणी लावलं.
चौथ्याला नाव द्यायचं राहून गेलं,
तिथं मी नुसती फुली मारते.

अथणीच्या वर, आमच्या मड्डीवर
तीनशे चाळीस खड्डे.
मुरूम असा, की पहारीला ठिणगी यायची.
दुपारी भाकऱ्या एकाच फडक्यावर,
शेंगाचटणी ज्याची त्याची.

निंगव्वा शेजारी बसून सांगायची, बरी.
तिच्याकडं बरी म्हणजे लिही.
आमच्याकडं बरी म्हणजे बरी.
बरी, बेवू. मी लिहायची कडुनिंब.
बरी, हुणसे. मी चिंच.
बरी, होंगे. मी करंज.
आपट्यापाशी मात्र अडलो.
दसऱ्याला आम्ही आपटा वाटतो, ती बन्नी,
आणि सोनं दोघीही म्हणतो.
शेवटी दोन्ही लावली,
अठ्ठ्याऐंशी आणि एकोणनव्वद.
अठ्ठ्याऐंशी गेलं संक्रांतीच्या सुमाराला,
एकोणनव्वद त्यानंतर अकरा दिवसांनी.
फुल्या मी एकाच पेनानं मारल्या.

कृष्णा सात कोसांवर. इथं ऐकूसुद्धा येत नाही.
टँकर शुक्रवारी, म्हणजे कधीकधी शुक्रवारी.
मग प्रत्येक खड्ड्याशी एक गाडगं पुरलं,
बुडाला भोक, भोकात वात.
सासूचं जांभळं इरकल ट्रंकेत होतं,
काठासकट फाडलं, दोनशे वाती निघाल्या.
नवरा म्हणाला, आईचं होतं.
म्हटलं, आता पाण्यात आहे.

आणि बिराप्पा.
बत्तीस शेरडं घेऊन तो चरीपलीकडं उभा राहायचा.
कमिटीनं मड्डी बंद केली होती,
शेरडामागं पन्नास रुपये दंड.
दोनदा त्यानं मोजून दिले.
तिसऱ्यांदा पावतीकडं बघत म्हणाला,
अक्का, ह्या माळाला इतकी वर्षं
माझ्या जनावरांशिवाय कोण भेटायला येत होतं?
मी पावती फाडून दिली.
माझं कामच ते.

चैत्रात फुल्या मोजल्या, दोनशे अकरा.
उलटीकडून मोजल्या, तरी दोनशे अकरा.
साहेब आले,
एकशे चारच्या करंजाशेजारी उभे राहिले,
फोटो निघाला. झाड खरंच चांगलं होतं.
त्या रात्री चावडीत कुणी फारसं बोललं नाही.
सिदगोंडा म्हातारा एवढंच म्हणाला,
रिकाम्या पट्ट्यात तरी बसू दे त्याची शेरडं,
खत होईल.

वीस रात्री बसली.
उन्हाळाभर ती वेशीबाहेरच्या बाभळींच्या
शेंगा खाऊन फिरत होती,
हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.
माझ्या तर नव्हतंच.

श्रावण अर्धा सरल्यावर
मी मेलेल्या रांगेत गाडगी परत काढायला गेले.
एकशे सतराव्या खड्ड्यात, लेंडीच्या भुग्यातून,
पिसासारखं एक पान वर आलेलं.
एकशे अठरात दोन.
मग खड्ड्यांच्या बाहेरही,
जिथं आम्ही पहार लावलीच नव्हती,
वेडीवाकडी, कुठल्याच नंबरात न बसणारी.
मी गाडगं जागच्या जागी ठेवलं.

तिसऱ्या रकान्याची पंचाईत झाली.
बिराप्पा म्हणाला, माझं नाव नको,
मी नुसता झोपलो होतो.
निंगव्वा म्हणाली, बरी, आडू.
मी लिहिलं, शेळी.
अक्षर जरा तिरकं आलं, हसू येत होतं.
कमिटीच्या सेक्रेटरीनं ते खोडायला लावलं,
मी खोडलं, पण वाचता येईल इतकंच.

नवं पान आखलंय. नंबर तीनशे एक्केचाळीसपासून.
चौथा रकाना कोराच आहे.
यातलं कोण धरेल, कोण जाईल,
ते पुढच्या चैत्राला विचारायचं.

काल संध्याकाळी निंगव्वा
एका वीतभर बाभळीपाशी उकिडवी बसली,
काटे अजून कोवळे, तिनं बोटानं चाचपले,
आणि म्हणाली, बरी.
मी पेन उघडलं,
मग थांबले.
तिच्याकडची बरी की आमच्याकडची,
विचारलं नाही.